कंपनीला मधुमेह झालाय असं म्हणण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबडमधल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही प्रॉडक्शन मॅनेजर आहात. वार्षिक तपासणीत तुमची एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची साखर सांगणारी रक्तचाचणी, ८.९ आली आणि डॉक्टरांनी गोळ्या, पथ्य, चालणं सुरू केलं. त्याच सुमारास कंपनीत ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं आणि जोडीला मालाची तपासणी लाइनवरच ऑपरेटरने करायची नवी पद्धत. दोन्हीकडे तुम्हाला तेच दिसतंय: आधी नकार, मग नव्याचे नऊ दिवस, मग ये रे माझ्या मागल्या. पुढच्या महिन्यात सगळ्या कामगारांसमोर बोलायचं आहे. तिथे स्वतःचा आजार सांगून ‘आपल्या कंपनीलाही मधुमेहच झालाय’ असं म्हणावं का, आणि ही तुलना कुठपर्यंत टिकते, असं तुम्ही विचारलंय.

मी सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत हेच काम करते. नवी पद्धत येते तेव्हा माणसांच्या बाजूला काय घडतं ते बघायचं आणि ती पद्धत रुळेपर्यंत सोबत राहायचं. मधुमेहही मला बऱ्याच वर्षांपासून आहे. तुलना जरूर करा, ती खरी आहे आणि पुष्कळ शिकवते. पण एका जागी ती साफ तुटते, आणि नेमक्या त्याच जागी कामगार तुमचं ऐकायचं थांबवतील. तुमच्या आजारात गोड सोडणारी जीभ आणि वाचणारी किडनी एकाच माणसाची आहे. कंपनीत सोडतो एक आणि वाचतो दुसरा.

तिथे येतेच. आधी काय जुळतं ते सांगते, कारण ते वरवरचं नाही.

टाइप २ मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन कमी पडत नाही, उलट जास्तच तयार होतं. स्नायूंच्या, यकृताच्या पेशी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. काही वर्षं हे चालतं आणि साखर बरी दिसते. मग स्वादुपिंड थकतं आणि साखर वर जाते. म्हणजे रिपोर्टमध्ये आजार उमटतो तेव्हा तो जुना झालेला असतो. आता तुमच्या गेल्या दोन वर्षांच्या सूचना आठवा. सूचना पाळली जात नाही म्हणून परिपत्रक, परिपत्रक वाचलं जात नाही म्हणून सकाळची मीटिंग, मीटिंगने भागत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर रात्री दहा वाजता मेसेज. वरून येणारा आवाज वाढत जातो आणि शॉप फ्लोअरवर त्याचा असर तेवढाच कमी होत जातो. शेवटी थकतात सुपरवायझर. मधल्या फळीतली चांगली माणसं एकामागून एक राजीनामा द्यायला लागली की समजायचं, हे बरंच आधी सुरू झालेलं होतं.

यावर शरीराकडे एक फार सुंदर सोय आहे. चालताना पायांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनवर अवलंबून न राहताही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी फरक पडतो. ग्लुकोमीटर घरी असेल तर स्वतः बघा. रविवारी मिसळ-पाव खाऊन सोफ्यावर बसलात तर दोन तासांनी काय आकडा येतो, आणि तेच खाऊन कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक चक्कर मारलीत तर काय येतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पथ्याचं प्रवचन कोणी द्यावं लागत नाही. कारखान्यातही मी आधी अशीच जागा शोधते, जिथे कोणाला पटवून न देता कामातूनच सुधारणा होईल. तपासणी ऑपरेटरने करायची आहे ना? मग गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, क्वालिटीच्या कपाटातून काढून मशीनशेजारी, हात पोचेल तिथे लावा. पहिल्या महिन्यात एवढं झालं तरी खूप झालं. भाषणं नंतर.

एचबीए१सीचंही तसंच आहे. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. उपाशीपोटीची साखर चार दिवस नीट वागून खाली आणता येते, ही आणता येत नाही. कस्टमर ऑडिटच्या आधीचा आठवडा तुम्हाला माहीत आहे. पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात, नाकारलेल्या मालाचे लाल बिन रिकामे होतात, बोर्डावरचे आलेख अपडेट होतात. तो आकडा उपाशीपोटीचा.

मग कंपनीची एचबीए१सी कोणती? प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, पण तुमच्यासारख्या कंपनीत मी अकाउंट्सकडे जाऊन स्पेशल गाड्यांची बिलं मागेन. चाकणच्या ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून रात्री अर्ध्या भरलेल्या टेम्पोने किती वेळा माल पाठवला, तीन महिन्यांतलं एकूण भाडं किती झालं. प्लॅनिंग चुकलं, स्टोअरचा स्टॉक खोटा निघाला, रिजेक्शन जास्त झालं, ब्रेकडाऊन लपवला, यातलं काहीही बिघडलं तरी ते शेवटी त्या भाड्यात जमा होतं. आणि ते बिल ऑडिटसाठी कोणी रंगवत नाही, कारण तिकडे कोणी बघतच नाही.

इथे एक सावधगिरी, जी तुमच्या डॉक्टरांनाही विचारता येईल. तांबड्या पेशी लवकर नष्ट होण्याचा आजार असेल तर एचबीए१सी खोटी कमी येते, कारण साखर चिकटायला पेशींना पुरेसे दिवसच मिळत नाहीत. उलट लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात ती खोटी जास्त येऊ शकते. हे वाचताना मला कायम कंत्राटी कामगारांची हजेरी आठवते. दर सहा-सात महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या कंपनीत समाधानाचा सर्व्हे बहुतेक वेळा चांगला येतो. ज्यांनी सोसलं ते फॉर्म भरायला उरलेलेच नसतात. तेव्हा तुमच्या लाइनवर वर्षाहून जास्त टिकलेले किती जण आहेत हे आधी मोजा, मग बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रातून घाई दिसते. दिवाळीपर्यंत सगळं जागेवर आणायचं म्हणताय. मधुमेहात यावर दोन मोठे अभ्यास आहेत. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात नव्याने निदान झालेले रुग्ण होते. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले आणि पुढच्या दहा वर्षांचा पाठपुरावा २००८ मध्ये. सुरुवातीलाच साखर नीट आवरलेल्यांना त्याचा फायदा पुढे वर्षानुवर्षं मिळत राहिला, जरी अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांच्या एचबीए१सीमधला फरक वर्षभरातच मिटून गेला होता. अमेरिका आणि कॅनडातल्या ॲकॉर्ड अभ्यासात १०,२५१ जण होते, बरीच वर्षं मधुमेह असलेले आणि हृदयविकाराचा धोका जास्त असलेले. त्यातल्या एका गटाची एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण कडक उपचाराच्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २०३. त्यामागचं नेमकं कारण काय यावर तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहे. पण त्यानंतर सगळ्यांना एकच आकडा गाठायला लावणं बरोबर नाही, वय, आजाराची वर्षं आणि बाकीची दुखणी बघून लक्ष्य ठरवावं, ही समज पक्की झाली.

औषधाच्या अभ्यासावरून कारखान्याबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण प्रश्न तोच विचारायला हवा. तुमचा नवा पॅकिंग विभाग दीड वर्षाचा आहे, तिथे आत्ताच कडक शिस्त लावा, फायदा टिकेल. मशीन शॉप तीस वर्षांचं आहे. तिथल्या सवयी, तिथली भांडणं, तिथले न लिहिलेले करार तेवढेच जुने आहेत. दोन्हीकडे एकच तारीख आणि एकच टार्गेट लावलंत तर मशीन शॉपमध्ये काहीतरी मोडेल, आणि ते तुम्हाला उशिरा कळेल.

आता तुमच्या पत्रातला तो शब्द: रेझिस्टन्स. तुम्ही म्हणता, कामगार अजून ‘डिनायल’मध्ये आहेत. नकारापासून स्वीकारापर्यंतचा हा जिना कुठून आला ते माहीत असावं. एलिझाबेथ कुबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून १९६९ मध्ये नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. पुढे मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणात त्याच अवस्थांचा एक वक्र तयार झाला आणि आज तो प्रत्येक स्लाइडवर असतो. दुःखात माणसं त्या क्रमाने जातातच असं नाही. माझी हरकत मात्र वेगळी आहे. मरण टळणार नसतं, म्हणून तिथे स्वीकार हाच शेवट असतो. ईआरपीचा स्क्रीन बदलता येतो. ऑपरेटर ‘हे चालणार नाही’ म्हणतो तेव्हा त्याला दुःखाच्या पायरीवर उभं करून तो खाली उतरायची वाट बघणं म्हणजे त्याच्याकडची माहिती फुकट घालवणं.

सातपूरच्या एका प्रेस शॉपमधली गोष्ट सांगते. ईआरपी सुरू होऊन बरेच महिने झाले होते, स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. दुसरी शिफ्ट सुरू होताना मी एका सेटरच्या, म्हणजे प्रेसवर डाय (साचा) बसवणाऱ्याच्या, टेबलाशी उभी होते. त्याने टूलबॉक्सचा खालचा कप्पा उघडला आणि हात पुसायच्या फडक्याखालून एक फुलस्केप वही काढली. खाकी कव्हर, त्यावर ऑइलची बोटं, आत पट्टीने आखलेले रकाने: डाय नंबर, कॉइल (पत्र्याची गुंडाळी) नंबर, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर वरच्या-खालच्या भागांत उरणारं अंतर), पीस. शेवटच्या रकान्यात नुसतं ‘क’ किंवा ‘न’. मी विचारलं तसा तो जरा बिचकला, मग म्हणाला, “मॅडम, क म्हणजे कडक माल, न म्हणजे नरम. कडक कॉइल लागली की बेंड उघडतो, मग शट हाइट थोडी खाली घ्यावी लागते. कॉम्प्युटरमध्ये हे लिहायला जागाच नाही.”

वरून हुकूम होता की सगळ्या कच्च्या वह्या जप्त करा. मी तो थांबवायला लावला आणि त्या ‘क’ आणि ‘न’साठी स्क्रीनवर एक रकाना मागितला. सॉफ्टवेअरवाल्यांनी आधी नाही म्हटलं, मग केला. सेटरने वही लगेच सोडली नाही, बरेच दिवस दोन्हीकडे लिहीत राहिला, आणि त्याला कोणी अडवलं नाही हे चांगलं झालं. आहारतज्ज्ञ जेव्हा तुम्हाला ‘काय खाता ते खरं खरं लिहून आणा’ म्हणतात, तेव्हा त्यांना तुमची हीच कच्ची वही हवी असते. छापील डाएट चार्ट कोणालाही देता येतो. तुमच्या घरी रात्रीचं जेवण साडेनऊला का होतं, पोळ्या कोण करतं, भाकरी केली तर कोणाला वेगळा स्वयंपाक करावा लागतो, हे कळल्याशिवाय त्या चार्टचा उपयोग नाही.

आता जिथे तुलना तुटते तिथे येऊ. तुमच्या कंपनीत प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह शिफ्टच्या पीसवर आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. लाइनवर तपासणी म्हणजे ऑपरेटरने ठरावीक पीसनंतर थांबायचं, गेज लावायचा, एंट्री करायची. सुरुवातीला हात बसेपर्यंत पीस कमी निघणार, म्हणजे महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात पैसे कमी येणार. रिजेक्शन घटल्याचा फायदा कंपनीच्या ताळेबंदात दिसेल, कदाचित तुमच्या अप्रेझलमध्येही. त्याच्या घरी मात्र मुलाच्या क्लासची फी किंवा गाडीचा हप्ता त्याच महिन्यात आहे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. तुम्ही व्यासपीठावरून ‘मी गोड सोडलं, तुम्हीही थोडी सवय सोडा’ म्हणालात, तर तो मनात हिशेब करेल की तुमचं गोड तुमच्यासाठी सुटलं, माझे पैसे कोणासाठी सुटले?

म्हणून भाषणाच्या आधी मालकांकडे जा आणि एकच गोष्ट मागा. पुढचे तीन महिने प्रत्येक ऑपरेटरला त्याच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीइतका इन्सेंटिव्ह मिळेल, पीस कितीही निघोत. ते लेखी हवं, आणि युनियन असेल तर त्यांच्या प्रतिनिधीसमोर हवं. तीन महिन्यांनंतर चांगल्या पीसवर नवा दर ठरवा आणि तो ठरवताना दोन ऑपरेटर खोलीत बसवा. यासाठी लागणारी रक्कम काढून बघा, मग ती त्या स्पेशल गाड्यांच्या भाड्याशेजारी ठेवा. मालकांना बोलायला हीच भाषा सोपी जाते. हे मिळालं नाही तर माझं स्पष्ट मत आहे की आजाराचं उदाहरण देऊ नका. नुसतं कामाचं बोला.

मिळालं तर द्या. पण ‘कंपनीला मधुमेह झाला कारण आपण बेशिस्त होतो’ असं चुकूनही म्हणू नका. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, प्रौढांमध्ये ११.४ टक्के. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्यांतही मधुमेही असणारच, काहींना अजून माहीतही नसेल. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आई-वडिलांकडून आलेला आजार आणि रात्रपाळीने वाढलेली साखर, याला बेशिस्त म्हटलेलं त्यांना लागेल, आणि ते बरोबरच आहे. आजाराची भाषा वापरताना आणखी एक भान ठेवा. काही मॅनेजर ‘कॅन्सर’ म्हणतात, मग पुढचं वाक्य आपोआप ‘कापून काढा’ येतं आणि यादी तयार होते. मधुमेहात कापून काढायला शत्रू नसतो, रोजच्या जगण्याची घडी बदलावी लागते. तुम्ही हा आजार निवडलात ते त्या दृष्टीने चांगलंच आहे. तेवढं सांगा, तुमची एचबीए१सी सांगायची असेल तर तीही सांगा, पण दुसऱ्या कोणाला हात वर करायला लावू नका.

राहिलं नव्या वेळापत्रकाचं. तुम्ही लिहिलंय की ईआरपी एंट्रीला वेळ मिळावा म्हणून चहाच्या सुट्टीतून काही मिनिटं कापायची आणि जेवणाची सुट्टी लाइनच्या सोयीने मागेपुढे करायची. हे करू नका. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवण लांबलं तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं, आणि तो माणूस त्या वेळी पॉवर प्रेससमोर उभा असतो. कंपनीच्या डॉक्टरांना बसवून तिन्ही शिफ्टच्या सुट्ट्यांच्या वेळा ठरवून घ्या आणि त्या हलवू नका. ज्यांना सांगायचं आहे त्यांनी डॉक्टरांनाच सांगावं, सुपरवायझरला नाव कळायची गरज नाही. प्रत्येक लाइनच्या फर्स्ट एड बॉक्समध्ये ग्लुकोजची पुडी असू द्या. साखर घसरली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा साखर बघायची, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं. मात्र माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं. हे प्रत्येक शिफ्ट इनचार्जला माहीत हवं.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली नसेल तर या आठवड्यातच करून घ्या. साखर एकदम वेगाने खाली आली आणि पडद्याला आधीच इजा असेल, तर ती काही काळ वाढू शकते, त्यामुळे डॉक्टरांना ते आधी माहीत असलेलं बरं. लघवीतला अल्ब्युमिन आणि पायांची तपासणीही त्याच फेरीत होईल. पुढची एचबीए१सी तीन महिन्यांनी. इन्सेंटिव्हचा करारही तेव्हाच संपेल, तर त्या आठवड्यात अकाउंट्सकडून गाड्यांची बिलं मागवा आणि दोन ऑपरेटरांना घेऊन बसा. त्या बैठकीत काय निघालं ते मला कळवा, नव्या दराचं गणित मांडायला मी मदत करेन.